गाडी तो चालवतो, प्रवास कोण चालवतं?

गणपती जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘मुलांसह लांबचा प्रवास’ यावर सल्ले सुरू होतात. सुका खाऊ घ्या, औषधं घ्या, मुलं कंटाळू नयेत म्हणून खेळ घ्या. सल्ले वाईट नसतात. माझा आक्षेप त्या ‘घ्या’ला आहे. कोणी घ्यायचं? सोबतच्या चित्रात बाई पिशव्या भरत असते आणि बाप गाडीची किल्ली घेऊन हसत उभा असतो. म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे.

मी मुंबईतली चाकरमानी, सासर कणकवलीजवळ. एरवी दहा तासांचा रस्ता गणपतीच्या गर्दीत चौदा तास खातो. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा जन्मलेली मुलं आता मिसरूड फुटण्याच्या वयाला आली! रस्त्याबद्दल पुरुष तावातावाने बोलतात, बोलावंच. पण त्या चौदा तासांआधीच्या चार दिवसांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मोठ्याला गाडी लागते, म्हणून आवळासुपारी, लिंबू, ओकारीच्या पिशव्या. धाकटीचे दोन जोड हाताशी हवेत, डिकीच्या तळाशी नकोत. पुऱ्यांनी मळमळतं म्हणून दशम्या आणि कोरडी चटणी. तापाचं औषध आणि ते कोणाला किती मिली. दूधवाल्याला सांगणं, कुंड्या शेजारच्या काकूंच्या हवाली करणं, पूजेचं सामान, जावांसाठी साड्या. हे हातांचं काम झालं. ते सगळं चार दिवस डोक्यात वागवणं हे वेगळंच काम, आणि त्याला नावसुद्धा नाही.

सरकारनेच २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारे जेमतेम चारातले एक, आणि त्यांचीही मिनिटं ९७. आपल्याला हे सांगायला सरकार नको होतं, पण कोणी ‘तुम्ही बायका वाढवून सांगता’ म्हणालं, तर हे आकडे तोंडावर ठेवायला बरे.

‘तो चौदा तास गाडी चालवतो, ते श्रम नाहीत का?’ आहेत. घाटात, पावसात, ट्रकांच्या मधून गाडी काढणं सोपं नाही. पण त्या श्रमांची कदर होते. गाव आलं की ‘दमला असेल हो’ म्हणून त्याच्यापुढे चहा येतो, तो आडवा होतो. तेवढेच तास दोन मुलं सांभाळत आलेली बाई पदर खोचून चुलीकडे वळते. शिवाय गाडी चालवता येणाऱ्या कितीतरी जणींना नवरा सोबत असला की स्टिअरिंगला हात लावू दिला जात नाही, हेही आपण जाणतोच.

याहून गंभीर गोष्ट शरीराची. निघायच्या आदल्या दिवसापासून बायका पाणी कमी पितात, कारण वाटेत जायचं कुठे? पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असलंच पाहिजे हा तेल कंपन्यांचाच नियम. प्रत्यक्षात कुलूप, किंवा आत पाय ठेववत नाही अशी अवस्था. ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांचे आदेश दिले. शहराची हद्द ओलांडली की बाईचं मूत्राशय नाहीसं होतं, असं समजायचं का? त्यात घरात गणपती, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता दुकानातून आणल्या जातात. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्या बाईने त्या घेऊच नयेत, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत बसल्याने तो धोका आणखी वाढतो. ‘विटाळ’ नको म्हणून जिवाशी खेळायचं! ही तयारी तर कुठल्याच पुरवणीच्या यादीत नसते.

आणि मांडी. मूल कुठे बसणार? आईच्या मांडीवर, तेही पुढच्या सीटवर. या मांडीवर कवितांचे ढीग रचले गेले आहेत. पण ताशी ५० किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून पडण्याइतकी. त्या झटक्यात दहा किलोचं लेकरू कुठलीही आई धरून ठेवू शकत नाही, माया कितीही असो. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून १९४ ब हे कलम आहे: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनात बांधलेलं नसेल, तर एक हजार रुपये दंड. तरी गाडीच्या सजावटीला पैसे निघतात आणि बालआसन म्हटलं की ‘तू आहेस ना धरायला’ ऐकावं लागतं.

यंदा मी ‘मदत कर’ म्हणणं सोडलं आहे. मदत ही दुसऱ्याच्या कामात करतात. वहीच्या पानावर सगळी कामं लिहिली, पुढे नावं घातली, पान दाराला चिकटवलं. ओकारीच्या पिशव्या, औषधांची मापं, बालआसन आणि कुंड्या नवऱ्याच्या नावावर. चिपळूणपासून पुढे गाडी माझ्या. बंद स्वच्छतागृहांची ठिकाणं आणि तारखा टिपायचं काम मोठ्याचं. ती यादी आमच्या गटाकडे येईल, आणि गटाकडून महामार्ग अधिकाऱ्यांकडे जाईल. तुम्हीही तुमच्या रस्त्यावरची पाठवा.