मार्गदर्शक कागदावर, विद्यार्थी वाऱ्यावर!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि २०२४-२५ पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील जळगाव, धुळे आणि नंदुरबारचा विद्यार्थीही मेकॉलेप्रणीत ठरीव चाकोरीतून बाहेर पडू लागला. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, श्रेयांकांची बँक. शिवाय एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स. निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, हे स्वागतार्हच आहे.

पण निवड करायची कोणाच्या आधाराने? ज्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी आहे, तेथे गौण विषय म्हणजे काय, हे सांगणार कोण? यावल-रावेरच्या केळीबागेत राबणाऱ्या बापाने की शिरपूरच्या पाड्यावरील आईने? पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र हाती पडताच “झाले की शिक्षण, आता लग्नाचे बघू” असे मुलीच्या घरी म्हटले गेले, तर बाहेर पडण्याची सोय हीच शिक्षणातून हुसकावण्याची वाट ठरेल. त्या क्षणी तिच्या उंबरठ्यावर जाऊन “पोरीला आणखी दोन वर्षे शिकू द्या” असे सांगणारा शिक्षक हवा.

यासाठीच मार्गदर्शक शिक्षकाची कल्पना आहे. मात्र नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचे प्रमाण विचारले जाऊ लागले, तेव्हा अनेक ठिकाणी तिची याद्यांत आणि सह्यांत समाधी बांधली गेली. ज्याची स्वतःचीच नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, त्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या चार वर्षांचा विचार कसा करावा?

धोरणावर ‘भगवीकरणा’चा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांना या प्रश्नाशी देणेघेणे नाही. पण धोरणाच्या समर्थकांनीही केवळ टाळ्या वाजवून भागणार नाही. रिक्त पदे भरणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याचा जाब समर्थकांनीच अधिक ठामपणे विचारला पाहिजे.

खानदेशला हा आदर्श परका नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे साने गुरुजी वर्गापुरते शिक्षक नव्हते. छात्रालयातील मुलांची ते आईच्या मायेने काळजी वाहत. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. भारतीय ज्ञानप्रणाली निवडणाऱ्या विद्यार्थ्याला बोटाला धरून तेथील दप्तरांपर्यंत नेणारा एक शिक्षक मिळाला, तर तो विषय श्रेयांकांपुरता उरणार नाही.

गुरुपौर्णिमेला पुष्पहार अर्पण करणे सोपे असते. शिष्याचे नाव, गाव आणि घरची स्थिती ठाऊक असणे, हे खरे गुरुपण होय. ते नसेल, तर उत्तमोत्तम धोरणाचाही फलक तेवढा झळकेल आणि विद्यार्थी त्याखाली वाट विचारीत उभा राहील!