खाणमालक मुख्यमंत्री

इंदूरच्या पलासिया भागातून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर वसईकडचे. यजमानांच्या नोकरीमुळे गेली कित्येक वर्षे त्या तिकडे स्थायिक आहेत, व हे साप्ताहिक त्यांना घरून पाठविले जाते. पलासिया म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावरची मोठी, गजबजलेली वस्ती. तेथे व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत, तसे पुढाऱ्यांचे बंगलेही आहेत, आणि कधी कधी दोन्ही पाट्या एकाच दारावर असतात असे त्या लिहितात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: ज्याचा स्वतःचा मोठा धंदा आहे अशा माणसाला विधानसभेसाठी मत द्यावे काय? सासरे म्हणतात, दुकानदाराने दुकान सांभाळावे. मुलगा म्हणतो, ज्याचे पोट भरलेले आहे तो खाणार नाही. घरात ह्यावरून दोन दिवस अबोला होता म्हणे.

कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. धंदा करणाऱ्यास आमदार होण्याची मनाई नाही. मनाई आहे ती सरकारी लाभाचे पद भूषविणाऱ्यास, आणि ज्याचे त्या सरकारशीच माल पुरविण्याचे वा बांधकामाचे कंत्राट चालू आहे त्यास. ही दुसरी अट १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९-अ कलमात आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. तो कागद कोणालाही वाचता येतो. पलासियाच्या घरात अबोला धरण्यापूर्वी सासऱ्यांनी व नातवाने तो एकत्र बसून वाचला असता तर बरे झाले असते.

परंतु भगिनींचा प्रश्न कायद्याचा नाही, माणसाचा आहे. आणि माणसाविषयीचे उत्तर एखाद्या माणसाच्या चरित्रातूनच द्यावे हे बरे. आम्ही मुद्दाम असा माणूस निवडतो आहो की ज्याला गोव्यातील आपल्या बहुतेक बंधुभगिनींनी मत दिले नाही. आपल्या बाजूच्या माणसाचे गुण आपल्याला आपोआप दिसतात. विरुद्ध बाजूच्या माणसाकडे पाहताना नजर अंमळ स्वच्छ करावी लागते.

हे गृहस्थ म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे त्यांचा जन्म झाला. ज्या समाजाला देवळाच्या सेवेत बांधून ठेवून गावाने पिढ्यान्‌पिढ्या मानाच्या पंक्तीबाहेर बसविले, त्या गोमंतक मराठा समाजातले ते. वाडवडिलांची इस्टेट पाठीशी नव्हती. जे मिळविले ते स्वतःच्या हिकमतीवर, आणि मिळविले ते खाणींतून.

गोव्याच्या खाणींची हकीकत येथे थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या एका फर्मानाने खाणींचे हक्क खाजगी माणसांना देण्याची वाट मोकळी केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे झाले, आणि डिचोली, सत्तरी, सांगे ह्या डोंगराळ तालुक्यांतील तांबडी माती एकाएकी सोन्याच्या भावाची झाली. खनिज डोंगरातून नदीवर आणावयाचे, पडावांतून आणि बार्जींतून मांडवी-जुवारीच्या पात्राने मुरगाव बंदरात न्यावयाचे, तेथून ते जहाजात चढावयाचे. पन्नासच्या दशकात ह्या धंद्यात काही मोजकी घराणी अफाट श्रीमंत झाली. बांदोडकर त्यांतले एक. त्यांनी हात मात्र आखडता ठेवला नाही. शाळांना, संस्थांना, अडलेल्यांना त्यांनी दिलेल्या देणग्यांमुळे राजकारणात येण्यापूर्वीच त्यांचे नाव गावोगाव झाले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्या पावलाचा विचार सुरू झाला तेव्हा गोव्यात दोन मते पडली. एका पक्षाचे म्हणणे, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. दुसऱ्याचे म्हणणे, गोव्याने स्वतंत्र राहावे. पहिले मत मांडणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ साली उभा राहिला व बांदोडकर त्याचे पुढारी झाले. दुसऱ्या बाजूस डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. आपल्या लोकांची मते बहुतांशी तिकडे गेली. ९ डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत मुक्तीचे श्रेय सांगणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीस उभे नव्हते. २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले व मागाहून पोटनिवडणुकीने विधानसभेत आले.

धनवान माणूस धनवानांचे राज्य आणील ही अपेक्षा कोणाची असेल तर ती फसली. १९६४ साली कूळकायदा आला. त्यापूर्वी गोव्यातला कसणारा हा भाटकाराच्या मर्जीवर जगत असे. शेत केव्हा काढून घेतील ह्याचा नेम नसे. कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि खंड पिकाच्या एक षष्ठांशाहून अधिक घेता येणार नाही असे ठरविले. आमच्या वसईकडील वाचकांना १९४८ चा मुंबई राज्याचा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन घरच्या आठवणींतून ठाऊक असेल. तेव्हा एखाद्या कुळाच्या घरी असा कायदा आल्याने काय होते ते निराळे सांगावयास नको. गोव्यात भाटकार हिंदूही होते व ख्रिस्तीही होते, कुळेही दोन्ही धर्मांची होती. म्हणजे ज्या सासष्टी-बार्देशच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने बांदोडकरांच्या विरुद्ध मत दिले, त्याच्याही शेताला ह्या कायद्याचे कुंपण लागले. आम्हाला ह्या गोष्टीचे मोल पक्षाच्या जाहीरनाम्याहून अधिक वाटते. शाळांचेही तसेच. खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्यांच्या घरात कोणी पाटी पाहिली नव्हती त्यांची मुले अक्षर गिरवू लागली.

येथे सासरेबुवांची शंका आम्ही विसरलो नाही. भाटकारांच्या जमिनीवर हात घालणाऱ्या ह्या मुख्यमंत्र्याच्या राजवटीत खाणींचे काय झाले? पोर्तुगीजांनी दिलेले खाणहक्क जसेच्या तसे चालू राहिले. ते रद्द करून त्यांचे साधे भाडेपट्टे करणारा कायदा १९८७ साली झाला, आणि तोही दिल्लीच्या संसदेने केला. खाणींचा विषय मुख्यतः केंद्राच्या हाती असल्याने एकट्या बांदोडकरांना त्याबद्दल जबाबदार धरणे न्याय्य होणार नाही. तरी पण इतरांच्या मिळकतीकडे पाहताना जी धडाडी दिसते ती आपल्या धंद्याच्या मिळकतीकडे वळताना दिसत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि मतदाराने तो ध्यानात ठेवण्यास हरकत नाही. त्या खाणींनी पुढे गोव्याच्या डोंगरांचे, शेतांचे व विहिरींचे काय केले, २०१२ साली व पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या का थांबवाव्या लागल्या, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

आता विलीनीकरणाकडे वळू, कारण ह्या माणसाची खरी कसोटी तेथे लागली. १९६५ साली गोव्याच्या विधानसभेने बहुमताने विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्रानेही त्याच अर्थाचा ठराव केला. विरोधकांचे म्हणणे असे की, साध्या निवडणुकीतील बहुमतावर एका प्रदेशाचे अस्तित्व पुसता येत नाही, लोकांना हाच एक प्रश्न स्पष्टपणे विचारा. शेवटी १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मग मागणी आली की, स्वतः विलीनीकरणवादी असलेले सरकार अधिकारावर असताना कौल निःपक्ष कसा होईल? मंत्रिमंडळाने पायउतार व्हावे.

बांदोडकरांनी राजीनामा दिला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. विधानसभेत बहुमत होते. पोलीस, कचेऱ्या, मोटारी, सरकारी छापखाना हाताशी होता. ज्या एका गोष्टीसाठी पक्ष काढला तिचा निकाल महिन्या-दीड महिन्यावर आला होता. अशा वेळी खुर्ची सोडून, राष्ट्रपतींच्या राजवटीत, विरोधकांच्या बरोबरीने साध्या माणसासारखे सभांतून फिरावयाचे त्यांनी कबूल केले. त्यांना विजयाची खात्री होती म्हणून ते धजले असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु खात्री असूनही खुर्ची न सोडणारे आपण थोडे पाहिलेले नाहीत.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणासाठी फुलाचे चिन्ह होते, वेगळे राहण्यासाठी दोन पानांचे. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा गोवा राहिला. हा कौल केवळ ख्रिस्त्यांनी दिला असे अजूनही कोणी कोणी म्हणतात ते खरे नव्हे. त्या वेळी गोव्यात ख्रिस्ती लोक चाळीस टक्क्यांच्या आतच होते, तेव्हा हिंदू मतांवाचून हा आकडा गाठताच आला नसता. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लेखणी चालली तीही मराठी दैनिकात, चंद्रकांत केणी यांच्या ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ ह्या सदरात. मराठी वाचणारा मनुष्य मराठी वर्तमानपत्र वाचूनच महाराष्ट्राबाहेर राहण्याचे मत देत होता. भाषेवर प्रेम आणि राज्याची सीमा ह्या दोन गोष्टी निराळ्या ठेवता येतात हे तेव्हा गोवेकरांनी दाखविले.

पराभूत बांदोडकरांनी निकाल मानला. पुढे मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक आली, आणि अडीच महिन्यांपूर्वी ज्यांचा मुख्य हेतू लोकांनी नाकारला होता त्यांच्याच पक्षाला लोकांनी तीसपैकी १६ जागा दिल्या. जे राज्य वेगळे राहू नये म्हणून ते झटले, तेच राज्य चालविण्याची शपथ त्यांनी ५ एप्रिल १९६७ रोजी घेतली, व कौलाच्या आड न येता ते चालविले. १९७२ साली पक्षाच्या जागा १८ झाल्या. आमच्या एका गोवेकर मित्राचे वडील आयुष्यभर दोन पानांचे अभिमानी होते. मतपत्रिकेवर भाऊसाहेबांच्या पक्षाला त्यांनी कधी मत दिले नाही, परंतु कूळकायद्याचा विषय निघाला की ते टोपी काढून बोलत.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, बांदोडकर वारले. त्यांच्यामागून त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. पित्यामागून कन्येने त्याच आसनावर बसावे ही प्रथा आम्हाला विशेष रुचत नाही. पण बाईंच्याच काळात, १९७५ साली, दुसऱ्याच्या भाटात घर बांधून राहणाऱ्या मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण मिळाले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कूळ हे जमिनीचे मालक ठरले. गोव्याला राज्याचा पूर्ण दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी.

पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर भाऊसाहेबांची समाधी आहे. पलासियाच्या भगिनी नाताळानंतर गोव्यास जाणार आहेत असे त्यांच्या पत्रात शेवटी आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला त्या जातीलच; परतीच्या वाटेवर पणजीस उतरून सासऱ्यांना व मुलाला मिरामारलाही न्यावे.