कानाकडे कानाडोळा

बँकेतल्या नोकरीची माझी पहिली काही वर्षे काउंटरवर गेली. तेव्हा संगणक आलेले नव्हते. चेक दिला की खातेदाराच्या हाती पितळी बिल्ला ठेवायचा आणि कॅशियरने नंबर पुकारला की त्याने खिडकीशी जायचे, अशी पद्धत होती. एके दिवशी एक तरुण बिल्ला मुठीत धरून बाकावर बसून राहिला. त्याचा नंबर तीनदा पुकारून झाला. ‘झोपा काढायला येतात बँकेत’, असे काहीतरी कॅशियर पुटपुटला. मी उठून त्या तरुणाजवळ गेले, तेव्हा त्याच्या कानात कापसाचा पिवळट बोळा दिसला. मला माझा धाकटा भाऊ आठवला आणि पुढचा सगळा दिवस माझे हिशेब जुळेनात.

आमचे बालपण गोरेगावात, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेले. पावसाळा लागला की भावाचा कान वाहू लागे. कधी हा, कधी तो, कधी दोन्ही. ‘कान फुटलाय’ एवढेच निदान आणि लसूण घालून कडवलेले कोमट खोबरेल हे औषध. पाऊस सरला की कानही सुकेल, असे शेजारीपाजारी सांगत, आणि तो सुके. पुढच्या जूनपर्यंत.

शाळेत त्याची जागा मागच्या बाकावर. श्रुतलेखनात ‘साठ’ सांगितले की हा ‘आठ’ लिही. मास्तरांनी ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला आणि पुढे एकदा कानाखाली वाजवली. कान दुखणारा होता की बरा, हे पाहण्याची तेव्हा रीत नव्हती. अशी चपराक पडदा फाडू शकते, हे मला फार उशिरा कळले. गंमत अशी, की १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणालताई गोऱ्यांच्या लाटणे मोर्चात आई गेली, तेव्हा थाळ्यांचा तो दणदणाट भावाला व्यवस्थित ऐकू आला. मग याला कमी ऐकू येते, हे कोणाला पटणार? मोठा आवाज कळतो, हळू बोललेला शब्द निसटतो, हाच तर या दुखण्याचा कावा. भावाने नववीतून शाळा सोडली. तिशीत ऑपरेशन होऊन पडद्याला ठिगळ लागले, ऐकूही बरेच येऊ लागले. सुटलेली शाळा मात्र परत आली नाही.

आपल्याला दिसतो तो कान म्हणजे घराची नुसती ओसरी. आत अडीच सेंटिमीटरच्या बोळाच्या टोकाला पडदा असतो. रुंदी जेमतेम सेंटिमीटरभर, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याच्या पलीकडे हवेने भरलेली चिमुकली खोली, म्हणजे मध्यकर्ण. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे एकमेकांना जोडलेली. रिकीब तीन मिलिमीटरची. अंगातले सर्वांत लहान हाड. आवाजाने पडदा थरथरतो, ती थरथर ही हाडे पुढे नेतात आणि पडद्यापेक्षा कितीतरी लहान अशा खिडकीवर देतात. त्यामुळे दाब वीसेक पटींनी वाढतो. तो वाढला नाही, तर आतल्या शंखातले पाणी हलणारच नाही. अडीच वेढ्यांच्या त्या शंखात सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात. त्या थरथरीची विजेची भाषा करतात आणि मज्जातंतूमार्फत मेंदूला कळवतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. मध्यकर्णाच्या खोलीला हवा मिळते ती नाकाच्या मागे उघडणाऱ्या एका नळीतून. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले आहे. कसाऱ्याच्या घाटात कान दडे बसतात आणि आवंढा गिळल्यावर ‘टक’ करून सुटतात, ती करामत हिचीच. मोठ्या माणसात ही नळी चांगली उतरती असते. लहान मुलात ती जवळजवळ निम्म्या लांबीची आणि आडवी असते. त्यातच नळीच्या तोंडाशी नाकामागची गाठ सुजलेली. साध्या सर्दीने नळी बुजते, खोलीतली हवा शोषली जाते, तिथे पाणी साचते आणि जंतूंना घर मिळते. पू वाढला की पडदा फुगतो, मूल रात्रभर कान धरून रडते. शेवटी पडदा फुटतो, पू बाहेर येतो, दाब उतरतो आणि मूल शांत झोपते. घरच्यांना वाटते, सुटलो. बहुतेक वेळा ते भोक काही आठवड्यांत भरूनही येते. भरले नाही, तर कान वाहतच राहतो, आणि आता दुखत नाही म्हणून कोणी विचारत नाही. असा कान क्वचित कानामागच्या हाडापर्यंत, मेंदूपर्यंतही जातो.

दुसरा प्रकार याहून मुका. पू नाही, ताप नाही, दुखणेही नाही. फक्त पडद्याआड चिकट पाणी साचून राहते. माझ्या नातीचे असेच झाले. चार वर्षांची पोर टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसायची, हाक मारली तर ‘काय?’ म्हणायची. मी, हो मीच, म्हटले, ‘ऐकून न ऐकल्यासारखे करते.’ कोमट तेलाची वाटीही मीच घेऊन आले होते. सुनेने ती माझ्या हातून काढून घेतली आणि मुलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, बहुधा तीन महिन्यांत पाणी आपोआप ओसरेल. नाही ओसरले आणि ऐकणे कमीच राहिले, तर पडद्यात बारीकशी नळी बसवू. सुदैवाने ती वेळ आली नाही. पण साठी उलटलेल्या, भावाचे सगळे पाहिलेल्या बाईने तेच वाक्य उच्चारले, जे मास्तरांनी शेऱ्यात लिहिले होते! त्या मास्तरांवरचा माझा राग त्या दिवशी संपला.

राग संपला तरी प्रश्न उरतो. नातीच्या शाळेचे आरोग्यपत्रक मी पाहिले. वजन, उंची, दात, डोळे यांचे आकडे होते. ‘कान’ या शब्दापुढे नुसती बरोबरची खूण. कोणी, कशाने तपासले? नातीला विचारले तर म्हणाली, ‘कान कोणी बघितलाच नाही.’ बँकेत असती अशी खूण, तर मी व्हाउचर परत पाठवले असते.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच रेल्वेमार्गावरच्या पालघरमध्ये झाली. अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची त्यात तपासणी होते आणि मध्यकर्णाचा दाह व बहिरेपणा दोन्ही यादीत आहेत. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. कानदुखीच्या प्रमुख जंतूंपैकी एकाला रोखणारी न्यूमोकोकसची लस २०२१ मध्ये देशभरच्या मोफत लसीकरणात आली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की मुलांमधल्या बहिरेपणाची साठ टक्के कारणे टाळता येण्याजोगी आहेत. मग हजारोंची फी घेणाऱ्या खासगी शाळेने वर्षातून एकदा मुलांचे कान नीट का तपासू नयेत? माझी मागणी एवढीच आहे: ज्या मुलाला ‘लक्ष नाही’ असा शेरा द्यायचा, त्याचे कान आधी तपासा.

आणि आपण आजी-आजोबांनी? वाहत्या कानात तेल, लसणाचा रस, काडी, काहीही घालायचे नाही. कान कोरडा ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बाळाला आडवे निजवून बाटली तोंडात द्यायची नाही. घरात विडी-सिगारेट नको. नातवंडाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून हळूच चार शब्द बोलून पाहायचे. ओळीने चुकले, तर हट्टी म्हणण्याआधी दाखवून आणायचे.

त्या तरुणाला मी हाताने खूण करून खिडकीशी नेले. त्याने पैसे मोजून घेतले, मला नमस्कार केला आणि म्हणाला, ‘बाई, मला वाटलं अजून माझा नंबर आलाच नाही.’ भाऊ मागच्या बाकावर किती वर्षे असाच बसून होता, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.