खिशातील वेठ

सुधारणेचे मोजमाप यंत्रांच्या संख्येवरून करण्याची एक रीत अलीकडे आपल्याकडे चांगलीच रूढ झाली आहे. ज्या वस्तूस पंडित ‘भ्रमणध्वनी’ म्हणतात आणि लोक सरळ ‘मोबाईल’ म्हणतात, ती ज्याच्या हाती आली तो सुधारला, सरकारशी त्याचा थेट संबंध जडला, दलाल व कारकून यांची कटकट त्याच्यामागून कायमची सुटली, असे या रीतीचे पुरस्कर्ते समजतात. बोईसरला लागून असलेले सरावली तर त्यांच्या दृष्टीने या सिद्धांताचा मूर्तिमंत पुरावाच होय. तारापूरच्या कारखान्यांची पाळी बदलण्याच्या सुमारास येथील रस्त्यावर उभे राहिले म्हणजे मोबाईल नसलेला मनुष्य शोधून काढावा लागतो. तेव्हा सरावली सुधारली हे उघड आहे. मग तुम्हांस आणखी काय पाहिजे, असा प्रश्न ही मंडळी आम्हांस विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आम्ही यंत्राचे वैरी नाही, हे प्रथमच सांगून ठेवलेले बरे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून पोटासाठी आलेला कामगार रात्रपाळीहून परतल्यावर चाळीच्या पायरीवर बसून मुलखातल्या आपल्या मुलाचे तोंड पाहतो, आणि ज्या पैशांसाठी पूर्वी मनीऑर्डरीची वाट पाहावी लागे ते दोन मिनिटांत घरी धाडतो. या सुखास नावे ठेवणारा मनुष्य एक तर ढोंगी असला पाहिजे, नाही तर घरापासून दूर राहण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नसला पाहिजे.

शिवाय या यंत्राचा इतिहास खरोखरच मनास थक्क करणारा आहे. १९७३ च्या ३ एप्रिल रोजी मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातात धरावयाच्या टेलिफोनवरून पहिले संभाषण केले, तेव्हा ते यंत्र किलोभर वजनाचे होते. दहा वर्षांनी त्या जातीचा जो टेलिफोन विक्रीस सिद्ध झाला त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती, आणि त्यावर बोलता येई ते अवघे अर्धा तास. १९८१ साली ‘बरोबर नेण्याजोगा’ म्हणून निघालेला ऑसबॉर्न संगणक सुमारे ११ किलोचा होता, आणि भिंतीतल्या विजेवाचून तो चालत नसे. आपल्या देशात १९९५ च्या ३१ जुलैला ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी मोबाईलवरून पहिले भाषण केले. त्या काळी बोलणाराप्रमाणे ऐकणारासही पैसे मोजावे लागत. २००३ साली ऐकणारावरील हा भार उठला. २००७ साली आयफोन निघाल्यापासून टेलिफोन व संगणक यांतील भेद झपाट्याने नाहीसा होत गेला, आणि २०१६ नंतर जिओने आरंभिलेल्या चढाओढीमुळे इंटरनेटही स्वस्त झाले. जे यंत्र एका मुख्यमंत्र्याने केंद्रातील मंत्र्याशी बोलण्यासाठी हाती घेतले, ते वीस-पंचवीस वर्षांत गोणी उचलणाऱ्या हमालाच्या खिशात आले. या पराक्रमाबद्दल त्याच्या कर्त्यांस जितके श्रेय द्यावे तितके थोडेच.

परंतु हा इतिहास सांगणारे लोक यंत्राचे वजन मोजतात, किंमत मोजतात, त्याची शक्ती किती पट वाढली हे सांगतात. यंत्राबरोबर आणखी काय काय खिशात आले, हे मात्र सांगत नाहीत. ज्यांना रेल्वे स्टेशनांबाहेरील एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या आठवतात त्यांनी क्षणभर विचार करावा. ते यंत्र दुकानदाराचे होते. ते बिघडले तर दुरुस्तीची विवंचना त्याला. तार तुटली तर ती जोडण्याचे काम टेलिफोन खात्याचे. गिऱ्हाइकाने पैसे द्यावयाचे ते केवळ बोलण्याचे. अक्षरओळख नसलेल्या बाईने चुरगळलेला चिठोरा पुढे केला की दुकानातला पोरगा नंबर लावून देई, आणि तिच्या अज्ञानामुळे तिचे काम अडत नसे. यंत्र दुकानातून खिशात आले त्याबरोबर त्याची खरेदी, त्याची वीज, त्याची दुरुस्ती, त्याचा दरमहाचा आकार आणि ते न समजल्याचा दोष, ही सारी खिशाच्या मालकाकडे आली.

जोवर ही हौशीची किंवा सोयीची गोष्ट आहे तोवर तक्रारीस जागा नाही. ज्याला सोय पाहिजे त्याने तिचे मोल द्यावे, हा न्यायच आहे. आमचा वाद सुरू होतो तो याच्या पुढे. जो हक्क मनुष्याचा आधीपासूनच आहे, तो मिळविण्यास किंवा जे काम तो करीतच आहे, ते केल्याचे सिद्ध करण्यास मोबाईलची अट घालण्यात आली, म्हणजे सोयीचा जकातनाका होतो. आणि असे नाके गेल्या काही वर्षांत एकामागून एक उभे राहिले आहेत.

आपल्या राज्यातील अंगणवाडी सेविकांचेच उदाहरण घ्या. बालकांची वजने व उंच्या नोंदविण्यासाठी सरकारने त्यांना २०१९ साली मोबाईल दिले. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ नावाची नवी योजना त्या यंत्रांवर लादण्यात आली. दोन जीबी स्मरणशक्तीची ती यंत्रे तिच्या ओझ्याने तापू व अडू लागली. दुरुस्तीचा भुर्दंड आपल्या मानधनातून सोसावा लागतो, आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते, ही सेविकांची तक्रार होती. मराठी मुलांचे वजन मराठी बाईने मराठी गावात करावयाचे, आणि ते लिहावयाचे मात्र इंग्रजीत! अखेर त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रभर सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. त्या वेळी कित्येक शहाण्यांनी या स्त्रिया सुधारणेस भितात असा शेरा मारला. आमच्या मते ज्यांनी हत्यार बोथट आहे म्हणून ते देणाराच्या हाती परत दिले, त्या भित्र्या नव्हत्या; आपले काम जाणणाऱ्या होत्या.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. ज्या कल्पनेचे श्रेय वि. स. पागे यांना व महाराष्ट्रास आहे, तिच्याच देशव्यापी अवतारात २०२३ च्या १ जानेवारीपासून सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरी मोबाईलवरून, दिवसातून दोन वेळा छायाचित्र काढून लावण्याची सक्ती झाली. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ज्याने एकदा तरी संदेशलहरींसाठी टेकाड गाठले असेल, त्याला या सक्तीचा अर्थ निराळा सांगावयास नको. खड्डा खणला, माती वाहिली, घाम गळला. पण छायाचित्र चढले नाही, तर त्या मजुरीवर पाणी सोडण्याची पाळी. तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २०२५ साली लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीसाठी स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीच्या किंवा पित्याच्या आधारची ओळख, आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी नावाचा सांकेतिक आकडा मागण्यात आला. जिचे दोघेही हयात नाहीत, तिने तो आकडा कोठून आणावा? हा प्रश्न यंत्रास पडला नाही. तो लोकांनी ओरड केल्यावर माणसांस पडला, आणि मग मुदत वाढवून निराळी सोय करणे भाग पडले.

यावर प्रतिपक्षाची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, यामुळे लबाडी थांबते. तर २०२५ च्या जुलै महिन्यात खुद्द केंद्रीय ग्रामविकास खात्यानेच परिपत्रक काढून सांगितले की, या हजेरीत कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जातात, इतकेच नव्हे तर छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जाते! म्हणजे लबाडाने यंत्र आपलेसे केले, आणि अडला तो प्रामाणिक मजूर. दुसरे उत्तर असे की, मोबाईल तर आता सर्वांकडे आहे. घरात एक मोबाईल असला म्हणजे तो घरातील प्रत्येकाचा असतो, ही समजूत ज्यांच्या घरी माणशी एक आहे त्यांचीच असू शकते. २०२० साली शाळा बंद पडून शिकवणे मोबाईलवर आले, तेव्हा बाप तो घेऊन पाळीवर गेला की मुलाची शाळाही त्याच्याबरोबर कारखान्यात जात असे. तिसरे उत्तर, लोक हळूहळू शिकतील. अवश्य शिकतील, परंतु शिकण्याचे सर्व कर्तव्य माणसाकडेच का? २००३ साली नोकियाने ११०० या नावाचा साधा मोबाईल काढला. धूळ सोसणारी बटणे, अंधारात उपयोगी पडणारी बत्ती, एवढेच त्याचे वैभव. पण तो पंचवीस कोटींहून अधिक खपला. कारण तेथे यंत्राने माणसाचा हात, त्याची धूळ व त्याचा अंधार शिकून घेतला होता. म्हणजे हे अशक्य नाही. करण्याची इच्छा मात्र पाहिजे.

आमच्या या भागास ‘वेठ’ हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. जमीनदाराच्या शेतावर मोबदल्यावाचून राबावयाचे, आणि पुन्हा ती आपली पूर्वापार पायरीच आहे असे समजावयाचे, याचे नाव वेठ. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली मंडळींनी परिषद भरवून ती न करण्याचा निश्चय केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्याचा इतिहास येथे सर्वश्रुत आहे. जमीनदाराच्या चाबकाची आणि या चकचकीत यंत्राची बरोबरी आम्ही करीत नाही. तसे करणे त्या लढणाऱ्यांचा अपमान होईल. परंतु दुसऱ्याचे काम आपल्या पदरच्या खर्चाने करावयाचे, आणि ते बिघडले तर अपराधी आपणच, एवढे लक्षण दोहोंस समान आहे, हे आम्हांस सांगितलेच पाहिजे. त्या वेळी ही वेठ शेतावर होती. आज ती खिशात आहे, म्हणून ती दिसत नाही एवढेच.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. जो हक्क कायद्याने दिला आहे तो केवळ मोबाईलच्या मार्गाने मिळेल अशी अट कोठेही नसावी. ग्रामपंचायतीच्या कचेरीत कागदाची वही आणि ती लिहिणारा मनुष्य, ही दोन्ही शाबूत राहावी. जो मोबाईल सक्तीचा करील त्यानेच तो पुरवावा, त्याची दुरुस्ती करावी, त्याचा मासिक खर्च सोसावा, आणि तो वापरणाराच्या भाषेत बोलेल अशी तजवीज करावी. आणि यंत्र अडले तर मजुरी अडू नये. डोळ्यांनी पाहिलेले काम छायाचित्रावाचूनही काम समजले जावे. यांपैकी एकाही मागणीने विज्ञानाची गती कुंठित होणार नाही.

सरावलीच्या रस्त्यावर मोबाईल मोजणाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे की, पुढल्या खेपेस मोजताना प्रत्येकास एक प्रश्न विचारावा: हे यंत्र तू हौसेने बाळगतोस, की ते नसले तर तुझे धान्य, तुझी हजेरी किंवा तुझे अनुदान अडते म्हणून? पहिल्या उत्तरांची बेरीज त्यांनी सुधारणेच्या खात्यावर खुशाल जमा करावी. दुसऱ्या उत्तरांची बेरीज जोवर शून्यावर येत नाही, तोवर तो आकडा सरकारने आपल्या नावे लिहिलेले कर्ज समजावा.