दात घासल्याने न्यूमोनिया टळतो का?

महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल. जपान-अमेरिकेत मात्र स्वतःचं आवरता न येणारे वृद्ध जिथे कायमचे राहतात, ती जागा. तिथल्या मृत्यूंचं एक मोठं कारण न्यूमोनिया आहे आणि त्याची सुरुवात अनेकदा तोंडातून होते.

हे घडतं कसं?

झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत कोणाच्याही उतरते. निरोगी माणसाला ठसका लागतो, विषय संपतो. पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असेल तर गिळणं बिघडतं, खोकला मंदावतो. मग दात, जीभ आणि कवळीवर साचलेले जीवाणू थेट फुफ्फुसात पोहोचतात. (रात्री कवळी काढून ठेवा, असं दंतवैद्य उगाच सांगत नाहीत.)

जपानमध्ये काय दिसलं?

११ नर्सिंग होममधल्या वृद्धांचे दोन गट केले गेले. एका गटाचे दात कर्मचारी प्रत्येक जेवणानंतर घासायचे, शिवाय गरजेप्रमाणे दर आठवड्याला दंतवैद्य किंवा त्यांचे सहायक सफाई करायचे. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखंच चालू राहिलं. दोन वर्षांत न्यूमोनिया झाला पहिल्या गटात ११ टक्के लोकांना, दुसऱ्यात १९ टक्के. न्यूमोनियाने मृत्यू अनुक्रमे ७ आणि १६ टक्के. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही तेच सर्वाधिक फिरतात.

मग प्रश्न मिटला?

नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ३६ केंद्रांत ८३४ जणांवर प्रयोग झाला: दिवसातून दोनदा ब्रश, क्लोरहेक्सिडिनचं औषध आणि बसवून भरवणं. फायदा दिसेना, म्हणून तो मध्येच थांबवला. कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यानेही हात राखूनच लिहिलंय: व्यावसायिक सफाईने न्यूमोनियाचे मृत्यू कमी होत असावेत, पण पुरावा कच्चा आहे. एक अडचण उघड आहे. कोणाचे दात घासले जातायत हे तपासणाऱ्यांपासून लपवणं कठीण.

नॉर्थ कॅरोलिनातल्या १४ केंद्रांचा अनुभव जास्त बोलका वाटतो. तिथे कर्मचाऱ्यांना तोंड न उघडणाऱ्या, हात झटकणाऱ्या रुग्णाचे दातही कसे घासायचे हे शिकवलं गेलं. पहिल्या वर्षी न्यूमोनिया जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाला. दोन वर्षांचा एकत्र हिशोब केला, तेव्हा ठोस फरक उरला नव्हता.