थंडीचा काय अपराध?

कॅनडाची राजधानी ओटावा येथील हलक्या रेल्वेच्या रखडपट्टीचा विषय निघाला म्हणजे कित्येक लोक तेथील हिवाळ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. या आरोपीचे वकीलपत्र आम्ही आनंदाने पत्करीत आहो.

प्रतिपक्षाचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे नाही. कडाक्याच्या थंडीत काँक्रीट लवकर आळत नाही. त्याला आडोसा करून ऊब द्यावी लागते. २०१९ च्या हिवाळ्यात चाचणीच्या गाड्या बर्फात अडकल्याही. परंतु ओटावात हिवाळा हा काही अवचित आलेला पाहुणा नव्हे. जे नगर गोठलेल्या रिडो कालव्यावर लोकांना मैलोगणती घसरावयास लावते आणि १९७९ पासून हिवाळ्याचा उत्सव भरविते, त्याला थंडीचा अंदाज नव्हता हे कोणी मानावे?

शिवाय तारखाच पाहा. करार २०१३ सालचा. मार्ग सुपूर्त करण्याची पहिली तारीख २४ मे २०१८, ती टळली. पुढे २ नोव्हेंबर, मग ३१ मार्च २०१९, मग ३० जून, याही टळल्या. रिडो रस्ता खचून भले मोठे भगदाड पडले, ते तर २०१६ च्या जून महिन्यात! तेव्हा कोणते हिम पडत होते? नाचता येईना, अंगण वाकडे, दुसरे काय?

खरा अपराध न्यायमूर्ती विल्यम हॉरिगन यांच्या चौकशीने २०२२ साली उघड केला. पाळता येणार नाहीत अशा तारखा कंत्राटदारसंघाने दिल्या. अखेरच्या चाचणीत १२ दिवसांच्या सरासरीने ९८ टक्के गुण हवे होते. ते ९ दिवसांच्या सरासरीने ९६ टक्क्यांवर आणले गेले, आणि ही गोष्ट नगरसेवकांपासून दडविली गेली. १४ सप्टेंबर २०१९ रोजी मार्ग खुला झाला; पहिल्याच हिवाळ्यात रुळांचे सांधे तापविणारी यंत्रे कुचकामी ठरली आणि उतारू थंडीत कुडकुडत उभे राहिले.

उशीर एक वेळ सोसवतो. खोटी तारीख सोसवत नाही. तिच्या भरवशावर माणसे बिऱ्हाड हलवितात, नोकऱ्या धरतात. म्हणून आमची मागणी एवढीच: बर्फाच्या देशात मार्ग बांधणाऱ्याने हिवाळा प्रथम वेळापत्रकात मांडावा, आणि सबंध मार्गाने एक पुरता हिवाळा काढल्याखेरीज लोकांना उद्घाटनाची तारीख सांगू नये.