दूरचा सामना आणि जवळचे मैदान

इंग्लंडातील फुटबॉलचे सामने आज आपल्याकडील मुले मोठ्या आवडीने पाहतात. हिवाळ्यात तेथे शनिवारी दुपारचे ३ वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. लिव्हरपूलच्या मैदानावर तेव्हा सुरू होणारा खेळ त्याच क्षणी आपल्या घरातील पडद्यावर अवतरतो. विज्ञानाची ही केवढी किमया!

हा छंद वाईट आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. तेथील ‘प्रीमियर लीग’ ही स्पर्धा १९९२ साली सुरू झाली. तीत २० संघ असून प्रत्येकास ३८ सामने खेळावे लागतात. हंगामाच्या अखेरीस तळाच्या ३ संघांना खालच्या श्रेणीत उतरावे लागते. लेस्टरचा संघ २०१५ साली या संकटातून कसाबसा बचावला. परंतु पुढच्याच वर्षी धनाढ्य संघांना मागे टाकून त्याने विजेतेपद पटकाविले. चिकाटीचे असे धडे अवश्य पाहावेत.

तथापि, बालमित्रांनो, त्याच देशातील एक नियमही ध्यानात घेण्याजोगा आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तेथील दूरचित्रवाणीवर सहसा फुटबॉलचा सामना थेट दाखवीत नाहीत. १९६० नंतरच्या दशकात पडलेला हा प्रघात अद्याप पाळला जातो. म्हणजे जो सामना आपण येथे घरबसल्या पाहतो, तो खुद्द इंग्लंडातील मुलाला घरी बसून पाहता येत नाही! असे का बरे? मोठ्या संघांचा खेळ घरातच दिसू लागला, तर लोक आपल्या गावच्या लहान संघाचा सामना पाहावयास जाणार नाहीत, त्याचे तिकिटांचे उत्पन्न बुडेल, अशी भीती तेथील जाणत्यांना वाटली. मूळ सुकले, तर फळ कोठून येणार?

आपल्याकडे असा नियम नाही. म्हणूनच तो आपला आपण घालून घ्यावयास हवा. कोल्हापूरचेच पाहा. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर झुंजतात आणि पेठापेठांतील माणसे ते सामने पाहावयास लोटतात. स्वतःच्या गावच्या खेळाविषयी अशी आस्था सर्वत्र का असू नये?

कोणी म्हणेल, “आमच्या गावचा खेळ कच्चा आहे, तो काय पाहावा?” परंतु पाहणारेच नसतील, तर तो पक्का कसा होणार? पडद्यावरील खेळाडूला तुमची शाबासकी ऐकू जात नाही. तुमच्या वर्गमित्राला मात्र ती ऐकू येते आणि थकलेल्या पायांत पुन्हा बळ येते. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला घालावा?

रात्री इंग्लंडातला सामना खुशाल पाहा. पण त्याच दिवशी सायंकाळी शाळेच्या मैदानावर सामना असेल, तर आधी तेथे जा. आणि संघात एखादा गडी कमी पडत असेल, तर स्वतः मैदानात उतरा.